नणंदेचं नाक

मागच्या महिन्यात माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या आकाराचा. गॅरेजमधल्या मेकॅनिकनं खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं, स्टिअरिंगखाली खोचलं, मोबाइलकडे पाहिलं आणि माझ्याकडे मानसुद्धा न वळवता निकाल दिला, "ऑक्सिजन सेन्सर गया, मॅडम. नया डलेगा."

मला हसू आवरेना. त्या बिचाऱ्याला वाटलं बाईंना झटका आला, त्यानं पाणी आणून दिलं. आता त्याला काय सांगू, की ह्या जागी आप्पा असते तर त्यांनी तुला बॉनेटसमोर उभं करून विचारलं असतं, "अरे भिया, नणंदेनं चुगली केली म्हणून तू नणंदच बदलणार? सुनेला काही विचारलंस का?"

आप्पा म्हणजे आप्पा वाळिंबे. देवासला ए.बी. रोडवर एक वर्कशॉप होतं, तिथे मी काउंटरवर बसायचे आणि आप्पा तिथले सुपरवायझर. दोन हजार सालाच्या पुढची ती वर्षं. कार्बोरेटरवाल्या गाड्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या आणि नव्या गाड्यांच्या पोटात कंप्युटर येऊ लागले होते. गावातले जुने मिस्त्री त्या गाड्यांचं बॉनेट उघडायचे, आत पाहायचे आणि शोकसभेतून निघावं तसं हळूच झाकण लावायचे. आप्पा तेवढे खूश. पन्नाशीच्या माणसाला पुन्हा शाळेत घातलं आणि शाळेत रोज सहल असली तर तो कसा दिसेल, तसे ते दिसायचे.

उंच, किडकिडीत, मिशा मात्र दोन माणसांच्या. वर्कशॉपमध्ये कायम पांढराशुभ्र शर्ट. "डाग पडतो तो घाई करणाऱ्याला," असं त्यांचं म्हणणं. आठवड्यातून एकदा तरी त्यांच्याच शर्टावर भलामोठा ऑइलचा नकाशा उमटायचा. मग ते सगळ्यांना बोलावून तो दाखवायचे आणि जाहीर करायचे, "आज घाई केली." खिशात लौंग सेवेची, म्हणजे लवंगेच्या तिखट शेवेची, पुडी. विचार करताना सेव खायचे. प्रश्न सोपा असला तर दोन चिमटीत संपायचा, अवघड असला तर पुडीचा तळ लागायचा, आणि आम्ही काउंटरवर बसल्या बसल्या सेवेची कुरकुर ऐकून गिऱ्हाइकाला सांगायचो, की आज काही गाडी मिळत नाही, उद्या या.

त्यांचे वडील साताऱ्याकडून देवासच्या कारखान्यात नोकरीला आले. आप्पा इथल्या कॉलनीतच वाढले. त्यामुळे वाक्य मराठीत सुरू करायचं आणि हिंदीत नेऊन पार्क करायचं, ही त्यांची रीत. आणि आवाज! हळू बोलणं त्यांना जमतच नसे. एकदा त्यांनी मला कानात सांगितलं, की शेठजींचा, म्हणजे आमच्या मालकांचा, नवा ड्रायव्हर गिअर फार वाईट टाकतो. रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावरून तो ड्रायव्हर भांडायला आला.

लग्न केलं नव्हतं. का नाही, ते विचारलं की म्हणायचे, "मंदाताई, आपण उमेदवारी मागे घेतलेली नाही. निवडणूकच लागली नाही."

नणंदेचं प्रकरण त्यांनी मला माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात समजावलं. माझं लग्न होऊन तेव्हा दहाएक वर्षं झालेली, दोन नणंदा होत्या, त्यामुळे मला ते एका दमात कळलं.

"इंजिन म्हणजे सून," आप्पा म्हणाले. "रांधते ती. कंप्युटर म्हणजे सासू. स्वतः चुलीपाशी जात नाही, पण किती तेल, किती मीठ, सगळं ती ठरवणार. आता सून काय रांधून राहिली, ते सासूला कळणार कसं? त्याच्यासाठी नणंद. तीच ऑक्सिजन सेन्सर. ती धुराड्यात नाक खुपसून उभी. धुरात ऑक्सिजन कमी दिसला की ओरडणार, आई, वहिनीनं तेल जास्त ओतलं! सासू लगेच हात आखडणार. जास्त दिसला की, आई, वहिनी उपाशी मारते! सासू वाढवणार. दिवसभर हेच. अच्छा घर ऐसेच चलता है."

"आणि तो दिवा?"

"दिवा म्हणजे भांडण गल्लीत आलं."

"मग तो बिघाडाचा कोड?"

"कोड म्हणजे चुगली. चुगलीत कुठे दुखतं ते कळतं. का दुखतं ते शोधायला मानूस लागतो." माणूस म्हणताना त्यांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली. तेवढ्यानं सेवेची पुडी फुटली.

वर्कशॉपमध्ये कोड वाचणारा स्कॅनर आला तो सुटकेसमधून. शेठजींनी तो बिघडू नये म्हणून आल्या आल्या कपाटात घालून कुलूप लावलं. आप्पांनी गोड बोलून तो बाहेर काढला, त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पहिला प्रयोग शेठजींच्याच गाडीवर केला. गावात ही बातमी पसरली ती वेगळीच. लोकांची समजूत झाली की गाडीला हे मशीन लावलं की मालकानं काय काय केलंय ते सगळं पडद्यावर येतं. आप्पांनी ती समजूत दुरुस्त केली नाही. मशीन हातात धरायचे, पडद्याकडे बघून "हूं" म्हणायचे आणि गप्प राहायचे. बस्स. वायर अजून जोडलेलीसुद्धा नसायची. समोरचा माणूस घामाघूम होऊन सांगू लागायचा, "साब, एक बार पेट्रोल में केरोसिन मिलाया था." दुसरा म्हणायचा, "सर्विस के बाद साले को चलाने दी थी." अमझेऱ्याचा एक गृहस्थ तर आपण बायकोला काय सांगून घरातून निघालो आणि प्रत्यक्षात इंदूरला क्रिकेटची मॅच बघायला कसे गेलो, इथपर्यंत आला. आप्पा अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मशीन में आ रिया है. आगे बोलो." मी काउंटरखाली वाकून पेन शोधण्याचं नाटक करत हसत होते.

पण नुसता तमाशाच नव्हता. सोनकच्छच्या मंडीतले एक धान्याचे व्यापारी आले. दोन ठिकाणी दोनदा सेन्सर बदलून झालेला, दिवा तसाच. म्हणाले, "भिया, म्हारी गाड़ी पेट्रोल पाणी जेसे पी री हे, ने मशीन के हे भूखी हे." गाडी पेट्रोल ढोसते आणि कोड मात्र उपासमारीचा. आप्पांनी अर्धी पुडी संपवली. मग इंजिन सुरू करून धुराड्याच्या नळीशी कान लावून बसले आणि एकदम उठून टाळी वाजवली. नळीच्या जोडाला बारीकशी चीर होती. तिथून बाहेरची ताजी हवा आत ओढली जात होती, अगदी सेन्सरच्या नाकासमोर. "सून पोटभर रांधून राहिली," आप्पा ओरडले, "आणि नणंद खिडकीतली हवा खाऊन म्हणते, वहिनी उपाशी मारते! सासू वाढतेय, वाढतेय, वाढतेय!" व्यापाऱ्याला सासू-नणंद काही कळलं नाही, पण जोड नीट झाल्यावर दिवा गेला. पुढे कितीतरी महिने सोनकच्छहून येणारी प्रत्येक गाडी आप्पांनाच मागायची.

चुकायचेसुद्धा, आणि चूकही तितक्याच मोठ्यानं. एका डॉक्टरांच्या गाडीचा सेन्सर "खल्लास, मृत, राम नाम सत्य" असं त्यांनी सगळ्यांसमोर घोषित केलं. सेन्सर काढायला हात घातला, तर त्याची वायर उंदरानं कुरतडलेली. उंदीर अजून तिथेच होता. तो आप्पांच्या बाहीतून आत शिरला आणि त्या पांढऱ्या शर्टात वरखाली फिरू लागला. आप्पा वर्कशॉपभर नाचत होते आणि नाचता नाचता ओरडत होते, "डॉक्टरसाब, माफी! सेन्सर जिवंत आहे! मीच घाई केली!" शेवटी उंदीर कॉलरमधून बाहेर पडला आणि डॉक्टरांच्याच गाडीत जाऊन बसला.

ह्या सगळ्या गोंगाटात त्यांचा एकच खरा गर्व होता. आप्पांनी दुरुस्त केलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही. ते हे रोज सांगायचे आणि खरं म्हणजे ते खरंही होतं. धारच्या वसुधाबाई येईपर्यंत.

वसुधाबाई धारला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. घराणं जुनं, दरबाराशी नातं असलेलं. दरबार केव्हाच संपला, पण बोलणं तसंच राहिलं होतं. यजमान वारल्यावर पंचेचाळिशीत त्या गाडी शिकल्या आणि दर महिन्याला एकट्या धारहून देवासला भावाकडे येऊ लागल्या. भाऊ इथल्या एका कारखान्यात फोरमन होते. त्या त्यांना दादासाहेब म्हणायच्या. पांढरी छोटी गाडी, मागच्या सीटवर भावासाठी लोणच्याची बरणी, तिला सीटबेल्ट लावलेला.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा काउंटरशी उभ्या राहून म्हणाल्या, "गाडीत एक दिवा लागला आहे. आपण जरा पाहावं, अशी विनंती आहे."

वर्कशॉपमध्ये "विनंती" हा शब्द ह्यापूर्वी कुणी उच्चारला नव्हता. आप्पा वळले. पुडीतली सेव तोंडाकडे निघालेली अर्ध्यावर थांबली. आणि मग मी देवाशपथ सांगते, आप्पा हळू बोलले.

"बसावं," ते म्हणाले. "पाहतो."

माझ्या हातातलं स्टेपलर खाली पडलं.

त्यांनी सगळं रीतसर केलं. कोड वाचला, वायर तपासली, जोड तपासले. चांगल्या सेन्सरचा आकडा पडद्यावर भराभर वरखाली नाचतो. हा नुसता पेंगत होता. सेन्सर काढला तर नाकावर पांढरी भुकटी. नवा बसवला, दिवा गेला. वसुधाबाई सगळा वेळ शेजारी उभ्या राहून बघत होत्या आणि विचारत होत्या, "हे काय? ते का?" आप्पांनी त्यांना नणंद समजावली. त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की आमचे मेकॅनिक काम सोडून बघायला आले. "आमच्या वन्सं अगदी अशाच हो!" त्या म्हणाल्या.

महिन्यानं गाडी परत आली. तोच दिवा, तोच कोड.

आप्पांचा चेहरा उतरला, आणि वसुधाबाई दिसल्यामुळे उजळलाही. एकाच चेहऱ्यावर दोन्ही मावेनात. पुन्हा पांढरी भुकटी, पुन्हा नवा सेन्सर. पेट्रोल तपासलं, इंजिनात पाणी उतरतं का पाहिलं. ऑइलचं झाकण उघडून वास घेतला तर किंचित आंबूस वास. आप्पांनी मागच्या सीटवरच्या बरणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "लोणचं फर्मास दिसतंय." वसुधाबाईंनी पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी वेगळी बरणी आणली. पुढची खेप अर्थातच झाली. आणि त्याच्या पुढचीही.

आता वर्कशॉपमध्ये कुजबुज सुरू झाली. आप्पांची गाडी परत येत नाही, मग हीच कशी येते? एक जण म्हणाला, "आप्पा जानबूझकर अधूरी छोड़ रिये हैं." सगळ्यांना ते फार गोड वाटलं. मलाही वाटलं, हे कबूल करते. आम्ही त्या येणार त्या शनिवारी आप्पांच्या मिशांना तेल लागलेलं असतं का ते बघायचो. असायचं.

आप्पा मात्र त्या दिवसांत खरोखर सुकले. दोन दोन पुड्या संपायच्या आणि उत्तर सापडायचं नाही. मला म्हणाले, "ताई, लोकांना मजा वाटून राहिली. पण ह्या बाई एवढ्या लांबून एकट्या येतात. माझ्या शब्दावर येतात. त्यांना वाटलं की मी खोटा आहे, तर माझं काय राहिलं?" एवढं बोलून ते गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

पाचव्या खेपेला वसुधाबाईंबरोबर दादासाहेब आले. करारी चेहरा, कडक इस्त्री, हाताची बोटं मात्र मऊ, बारीक काम करणाऱ्या माणसाची. सगळ्या वर्कशॉपसमोर त्यांनी आप्पांना विचारलं, "वाळिंबे, गाडी पाच पाच वेळा येते म्हणजे काय? माझी बहीण एकटी आहे म्हणून खेळ मांडलाय का?"

कंप्रेसर नेमका त्याच क्षणी बंद पडला. आप्पा वसुधाबाईंकडे बघत होते. वसुधाबाई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता. प्रश्न होता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उद्या घरी येतो," आप्पा म्हणाले. "उत्तर घेऊनच येतो."

उत्तर अर्थातच नव्हतं. रविवारी दुपारी मला बरोबर घेतलं, कारण बाईमाणूस सोबत असलं तर भांडण जरा बेतात होतं, असा त्यांचा हिशेब. रिक्षात बसून ते नुसते स्वतःशी पुटपुटत होते, "पांढरी भुकटी. पांढरी भुकटी." मला भीती वाटत होती की ते आता तिथे जाऊन सगळा दोष आपल्या अंगावर घेतील आणि नोकरी सोडून मोकळे होतील.

दादासाहेब अंगणात होते. उन्हाळ्याचे दिवस, त्यांचा पत्र्याचा कूलर गळत होता. त्याची टाकी उलटी घालून ते फटीत कसलीशी मलमासारखी पारदर्शक पेस्ट भरत होते, इतक्या सफाईनं की बाहेर रेघही दिसू नये. आम्हाला पाहून त्यांनी हात पुसले आणि कोरडेपणानं "या" म्हटलं. वसुधाबाई दारात उभ्या होत्या.

आप्पा फाटकातून दोन पावलं आत आले आणि थबकले. नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"हा वास कसला?" त्यांनी विचारलं. आणि आवाज! पूर्वीचा आवाज परत आला होता, शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

"कसला म्हणजे? पेस्टचा. सिलिकॉन," दादासाहेब म्हणाले. "आमच्या कंपनीत वापरतात. उत्तम वस्तू आहे."

ती किती उत्तम आहे, ते मला मग दिसू लागलं. देवासच्या कॉलनीत ज्याच्या त्याच्या घरात ज्याच्या त्याच्या कारखान्याचं काहीतरी असायचंच. ह्या घरात पेस्ट होती. खिडकीच्या काचा पेस्टनं बसवलेल्या. नळ पेस्टनं थांबवलेला. तुळशीवृंदावनाची चीर बुजवलेली. माझ्यासमोर आलेल्या कपाचा कानसुद्धा पेस्टनं जोडलेला होता, आणि तो कप घेऊन आलेल्या दादासाहेबांच्या पत्नीच्या चपलेचा अंगठाही.

"दादासाहेब," आप्पा पेस्टकडे बोट दाखवत म्हणाले, "गाडीला कुठे लावता?"

"लावतो की. इंजिनावरचं ते झाकण नाही का, तिथून ऑइलचा थेंब येतो. धार कुठे, देवास कुठे. वाटेत काही झालं तर तिला कोण आहे? म्हणून ती आली की दर खेपेला मी झाकण काढतो, जुनी पेस्ट खरवडतो आणि आतून ताजी भरून देतो. बाहेरून दिसणारसुद्धा नाही," दादासाहेब म्हणाले. त्यांच्या कडक चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा अभिमान दिसला.

आप्पा ओट्यावर बसले. आधी खांदे हलू लागले, मग मिशा, मग ते सबंध माणूसच हसू लागलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दादासाहेब संतापून उभे राहिले तेव्हा आप्पांनी हात जोडले.

"रागावू नका. तुमची माया तिच्या नाकात गेली."

"कुणाच्या?"

"नणंदेच्या!"

मग त्यांनी अंगणातच सगळं समजावलं. ओल्या पेस्टची वाफ इंजिनाच्या पोटात कोंडते, तिथून श्वासाच्या नळीनं जळायला जाते, आणि जळून तिची पांढरी राख होते. ती राख थेट सेन्सरच्या नाकावर बसते. नवा सेन्सर बसवा की हजार बसवा, दर महिन्याला दादासाहेब ताजी पेस्ट भरणार आणि धारला पोचेपर्यंत नणंदेचं नाक चोंदणार. "ती बिचारी खरंच आजारी पडत होती. खोटं कुणीच बोलत नव्हतं," आप्पा म्हणाले. "आंबूस वास मलाही आला होता. मी म्हटलं लोणचं! सुपरवायझर म्हणे मी! नाक माझंच बदलायला पाहिजे."

दादासाहेब हातातल्या ट्यूबकडे बघत राहिले. एवढा करारी माणूस, पण त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "म्हणजे मीच तिला दर वेळी..." एवढंच म्हणाले.

वसुधाबाई पुढे आल्या आणि त्यांनी भावाच्या हातातली ट्यूब हळूच काढून घेतली. "दादासाहेब, आपण केलंत म्हणून मी निर्धास्त येत होते," त्या म्हणाल्या. मग आप्पांकडे वळल्या. "आणि आपल्यावर माझा अविश्वास नव्हता. फक्त उत्तर हवं होतं."

आप्पा पुन्हा हळू बोलायला लागले. मला मेलीला ऐकूच आलं नाही काय म्हणाले ते.

सोमवारी झाकणाला नवं रबरी गॅस्केट बसलं, पेस्टचा कण न् कण खरवडून निघाला, नवा सेन्सर लागला. दिवा गेला. पुढच्या महिन्यात लागला नाही. त्याच्या पुढच्याही महिन्यात नाही. वसुधाबाई भावाकडे येऊन जात, असं कळायचं. वर्कशॉपला येण्याचं आता कारण नव्हतं, आणि धारच्या घराण्यातली बाई कारणाशिवाय कुठे जात नाही.

आप्पांचा शब्द खरा ठरला होता आणि आप्पा त्या विजयानं पार खचले होते. शर्टावर डाग पडेनात, म्हणजे घाईसुद्धा सुटली होती. सेव नाही, आरोळी नाही. एका गिऱ्हाइकानं आपण होऊन केरोसिनची कबुली दिली, तर नुसते "बरं" म्हणाले. मला राहवेना. म्हटलं, "आप्पा, तुम्हीच का जात नाही धारला?"

"काय सांगून जाऊ ताई?" ते म्हणाले. "गाडी तर ठीक आहे."

त्यानंतरही आप्पांना मी पुष्कळदा पाहिलं. पण त्यांचं नाव निघालं की डोळ्यांपुढे येतात ते दसऱ्यानंतरच्या त्या शनिवारचे आप्पा.

सकाळीच पांढरी गाडी आत शिरली. वसुधाबाई उतरल्या. फिकट जांभळी साडी, नेहमीसारखा ताठ कणा. काउंटरशी येऊन म्हणाल्या, "दिवा पुन्हा लागला आहे."

मेकॅनिकांच्या हातातले पाने थांबले. शेठजी केबिनमधून बाहेर आले. "आप्पा, ये वापस कैसे आ गई यार?" आप्पा पांढरे पडले. धावत आले, स्कॅनर जोडला, पडद्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. हा तो जुना कोड नव्हता. सेन्सरकडून काही निरोपच येत नाही, असं मशीन म्हणत होतं.

त्यांनी बॉनेट उघडलं आणि खाली वाकले. मीही काउंटर सोडून मागे जाऊन उभी राहिले होते, खोटं कशाला बोलू. सेन्सरचा प्लग निघालेला होता. धक्क्यानं निघालेला नव्हे. त्याची बारीक खिटी दाबून, न मोडता, अलगद सोडवलेला, आणि वायर तापलेल्या नळीला लागून वितळू नये म्हणून वर व्यवस्थित अडकवून ठेवलेली. हे असं करायला जो माणूस लागतो, तो पाच खेपा शेजारी उभं राहून "हे काय? ते का?" असं विचारत शिकलेला असायला हवा.

आप्पा वाकलेलेच राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. वसुधाबाई भिंतीवरचं टायरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचत होत्या.

"क्या निकला?" शेठजींनी विचारलं.

आप्पा सरळ झाले. त्यांनी प्लगला हात लावला नाही. बॉनेट बंद केलं, अगदी हळू.

"समझ में नहीं आ रिया," ते म्हणाले. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा. "चलाके देखना पड़ेगा. चढ़ाई पे."

"तो अपनी टेकरी क्या बुरी है? सामने तो है!"

तेव्हा वसुधाबाई कॅलेंडरावरची नजर न काढता म्हणाल्या, "मांडूचा घाट चढून पाहावा, असं मनात आहे. आपल्याला वेळ असेल तर."

शेठजी तोंड उघडून उभे राहिले. कुठे देवास, कुठे मांडू. आप्पांनी शर्ट ठीक केला, वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि दार उघडून बसले. वसुधाबाईंनी गाडी सुरू केली. ती फाटकाशी पोचली तेव्हा शेठजींना एकदम आठवलं आणि ते मागे धावले, "अरे आप्पा! मशीन तो लेते जाओ! मशीन!"

डावीकडच्या खिडकीतून पांढऱ्या बाहीचा हात बाहेर आला. त्यानं मागे न वळता शेठजींना रामराम केला, आणि गाडी इंदूरच्या दिशेला लागली.